'कामसूत्रा'तील प्रहणनविचार : सावधगिरी आणि संमती

'कामसूत्रा'च्या सांप्रयोगिक अधिकरणातील सातवा अध्याय प्रहणन व सीत्कार यांविषयी आहे. आज बीडीएसएम या संज्ञेने ओळखल्या जाणाऱ्या व्यवहारात नवख्यांना जे सावधगिरीचे शिक्षण आवश्यक मानले जाते, त्याचा प्राचीन नमुना म्हणून हा अध्याय वाचता येतो. आघाताची स्थाने वात्स्यायन नेमून देतो. दाक्षिणात्यांत रूढ असलेल्या कीला, कर्तरी इत्यादी प्रकारांचा तो नुसता निषेध करीत नाही, तर दाखले देतो. चोल राजाच्या कीलेने चित्रसेना गणिका, तर कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या कर्तरीने महादेवी मलयवती प्राणास मुकली; हात अधू असलेल्या नरदेवाच्या चुकीच्या प्रहाराने एका नटीचा डोळा गेला. तिन्ही दाखल्यांत इजा स्त्रीलाच झाली आहे. (शातकर्णी राजा, त्याला थांबविणार कोण, हा प्रश्न ग्रंथात येत नाही.)

अध्यायाची खरी उणीव मात्र निराळी आहे. 'पुरे', 'सोड' अशा अर्थाचे उद्गार वात्स्यायन सीत्कारांतच गणतो. मग खरा नकार ओळखावा कसा? वेगाने धावणाऱ्या घोड्याला खड्डे दिसत नाहीत, तसेच कामातुरांचे होते, हे तो जाणतो. तरी निर्णय प्रहार करणाऱ्याच्या अनुमानावरच सोपवतो. आधुनिक व्यवहारात हा निर्णय प्रहार सोसणाऱ्याकडेही असतो. प्रणयात एरवी येणार नाही असा एक शब्द, बहुधा 'रेड', दोघे आधीच ठरवतात. तोंड बांधलेले असल्यास हातातील वस्तू खाली टाकण्याची खूण ठरते. तो शब्द वा ती खूण होताच सर्व काही थांबते.