शाळेचा दर्जा की वस्तीचा? : अमेरिकेतील शहरी व उपनगरी हायस्कुलांच्या मूल्यमापनाविषयी

अमेरिकेतले सबर्ब म्हणजे आपले मुलुंड किंवा विलेपार्ले नव्हे, हे आधी सांगायला हवे. मराठीत दोहोंसाठी 'उपनगर' हा एकच शब्द असल्याने पुढचा सगळा विषय समजण्यात घोटाळा होतो. मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. तिथला मालमत्ता कर ज्या तिजोरीत जातो त्याच तिजोरीतून धारावीतली पालिका शाळाही चालते. अमेरिकेतले सबर्ब बहुतेक वेळा स्वतंत्र गाव असते. तिथल्या मुलांसाठी वेगळे स्कूल डिस्ट्रिक्ट, त्याचे निवडून आलेले मंडळ, त्याचा स्वतःचा कर आणि त्या करावर चालणारे हायस्कूल. शहराची हद्द जिथे संपते तिथे शहराचा पैसाही संपतो आणि शहराचे विद्यार्थीही. ही सरकारी शाळा फुकट आहे, पण तिच्या दारापर्यंत जाण्यासाठी त्या हद्दीत घर असावे लागते. म्हणजे फी आहेच. ती घराच्या किमतीत भरायची असते, एवढेच.

या व्यवस्थेचा हिशेब एका खटल्यात फार स्वच्छ मांडला गेला. टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओ शहरातले एजवूड हे गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचे डिस्ट्रिक्ट, आणि त्याच शहराने वेढलेले अलामो हाइट्स हे श्रीमंतांचे. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५. कर जास्त भरून एजवूडच्या हाती स्थानिक पैसा आला मुलामागे २६ डॉलर. अलामो हाइट्सला ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरून हे आकडे ३५६ आणि ५९४ झाले. तिथल्या पालकांनी केलेला हा दावा १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात त्याच न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, शहर आणि भोवतालची ५३ उपनगरी डिस्ट्रिक्टे एकत्र करून मुलांची सरमिसळ करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला. हद्दीची रेघ त्या दोन वर्षांत कायद्याने पक्की झाली. शहरी आणि उपनगरी शाळांच्या दर्जाची तुलना करणारे बहुतेक लिखाण ही रेघ निसर्गाने आखली असावी अशा थाटात लिहिलेले असते, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या लिखाणातली दोन पुस्तके महत्त्वाची. पहिले जेम्स कॉनंट यांचे 'स्लम्स अँड सबर्ब्स', १९६१ सालचे. कॉनंट मूळचे रसायनशास्त्रज्ञ, वीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष, त्यानंतर पश्चिम जर्मनीत राजदूत. म्हणजे व्यवस्थेच्या अगदी आतले गृहस्थ. त्यांनी शाळा हिंडून पाहिल्या आणि मोजल्या. श्रीमंत उपनगरात हजार मुलांमागे शिक्षक व इतर तज्ज्ञ मिळून सत्तरपर्यंत माणसे, झोपडवस्तीत चाळीस किंवा त्याहून कमी. खर्च निम्म्यापेक्षाही कमी. शहरांत शिक्षणाविना आणि कामाविना फिरणारी तरुण पोरे म्हणजे स्फोटक दारू आहे, असा इशारा त्यांनी दिला, आणि त्या दशकात शहरे खरोखरच पेटली. इतके नेमके पाहणारा माणूस उपाय सांगताना मात्र गारठतो. शाळेने काय करावे हे ती ज्या कुटुंबांसाठी आहे त्यांची स्थिती आणि आकांक्षा यांवर ठरते, असे कॉनंट धरून चालतात. मग उपनगरातल्या मुलाला कॉलेज आणि झोपडवस्तीतल्या मुलाला हाताला काम, अशी वाटणी आपोआप होते. आपल्याकडच्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. जात हा शब्द त्यात नाही, इतकाच फरक.

दुसरे पुस्तक जोनाथन कोझोल यांचे 'सॅव्हेज इनइक्वॅलिटीज', १९९१ सालचे. कोझोल कॉनंटच्या अगदी उलट स्वभावाचे: चिडलेले, हळवे, मुलांशी बोलत बसणारे. ईस्ट सेंट लुईसच्या शाळेत तुंबून वर आलेले सांडपाणी त्यांनी वाचकाच्या नाकापर्यंत आणले. शिकागोचे ड्यू सेबल हायस्कूल आणि उत्तरेकडच्या उपनगरातले न्यू ट्रिअर हायस्कूल ही त्यांची गाजलेली जोडी. एकीकडे गळणारी मुले आणि हंगामी शिक्षक, दुसरीकडे पोहण्याचा तलाव आणि तलवारबाजीसाठी वेगळी खोली. १९८९ साली शिकागो हायस्कूलच्या मुलामागे साडेपाच हजार डॉलर खर्च करत होते आणि सर्वाधिक खर्च करणारी उपनगरे साडेआठ ते नऊ हजार. अन्यायाची साक्ष म्हणून या पुस्तकाला तोड नाही. पण शाळेची परीक्षा म्हणून ते वाचायला घेतले की अडचण येते. न्यू ट्रिअर हे देशातल्या अतिश्रीमंत वस्त्यांपैकी एकीचे हायस्कूल. सर्वांत वरची उपनगरी शाळा आणि सर्वांत खालची शहरी शाळा शेजारी ठेवल्यावर मधली हजारो हायस्कुले दिसेनाशी होतात. शिवाय न्यू ट्रिअर चांगली शाळा आहे, हे कोझोलही गृहीतच धरतात. तिथे येणारी मुले आधीच किती पुढे होती आणि शाळेने त्यांत किती भर घातली, हा प्रश्न ते विचारत नाहीत. उपनगराची जाहिरात करणाऱ्याची आणि कोझोल यांची मोजपट्टी इथे एकच ठरते. एक तिच्याकडे पाहून खूश होतो, दुसरा रडतो.

हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता असेही नाही. जेम्स कोलमन यांनी १९६६ साली सरकारसाठी केलेल्या प्रचंड पाहणीत सहा लाखांवर मुले आणि सुमारे चार हजार शाळा होत्या. मुलांच्या गुणांतला फरक इमारत आणि साहित्य यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जुळतो, आणि सोबत शिकणारी मुले कोण यालाही महत्त्व आहे, असा त्यांचा निष्कर्ष. त्याचा अर्थ अनेकांनी सोयीने 'शाळेने काही होत नाही' असा लावला. मला त्यातून निघणारी गोष्ट अधिक साधी वाटते: निकालाकडे पाहून शाळेला शाबासकी देऊ नका, आधी मुले कुठून आली ते पाहा.

तरी क्रमवाऱ्यांचा धंदा निकालावरच उभा राहिला. यातली एक कथा तपशिलाने सांगण्यासारखी आहे. पूर्व लॉस एंजलिसमधल्या गार्फिल्ड हायस्कूलमध्ये जेमी एस्कलांते हे बोलिव्हियातून आलेले गणिताचे शिक्षक होते. मुले गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाची. अमेरिकेत कॉलेजच्या तोडीचे विषय हायस्कुलातच शिकवून त्यांची बाहेरून परीक्षा घेतात. तिला एपी म्हणतात. १९८२ साली एस्कलांतेंची अठरा मुले कॅलक्युलसच्या एपीला बसली आणि पास झाली. परीक्षामंडळाला संशय आला. चौदा जणांना पुन्हा बसायला सांगितले. बारा बसली, बाराही पास झाली. या शाळेवर पुस्तक लिहिणारे पत्रकार जे मॅथ्यूज यांच्या लक्षात आले की अनेक नावाजलेल्या उपनगरी हायस्कुलांत मध्यम मुलांना एपीच्या वर्गाच्या दारातूनच परत पाठवतात. म्हणून त्यांनी एक साधा निर्देशांक काढला: वर्षभरात शाळेत दिल्या गेलेल्या अशा परीक्षांची संख्या भागिले त्या वर्षी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणारी मुले. पास किती झाली हे पाहायचे नाही, शाळेने किती जणांना बसू दिले ते पाहायचे. १९९८ साली 'न्यूजवीक'ने ही यादी छापली.

हेतू उपनगरांच्या तोऱ्याला टाचणी लावण्याचा होता. पुढे झाले उलटेच. क्रमांक मिळताच तो घरांच्या दलालांच्या हाती गेला. काही शाळांनी सरसकट सगळ्यांना एपीला बसवले, कारण नापास मुलगाही भागाकारात एक धरला जात होता. गार्फिल्डच्या वर्गातून जन्मलेली मोजपट्टी अखेर गावाच्या नावापुढचा तुरा झाली. पुढे 'ग्रेटस्कूल्स' या संस्थेचे एक ते दहापर्यंतचे गुण घरविक्रीच्या संकेतस्थळांवर बेडरूमच्या संख्येशेजारी दिसू लागले. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बॉस्टनभोवतीच्या उपनगरांत, प्राथमिक शाळांच्या हद्दींच्या अलीकडची आणि पलीकडची घरे ताडून पाहिली होती. गुण पाच टक्के जास्त तर पालक घराला अडीच टक्के जास्त मोजतात, असे त्यांना आढळले. या पालकांनी नक्की काय विकत घेतले, हे त्या आकड्यात सांगितलेले नाही.

मोजपट्टी बदलली की नकाशा बदलतो. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी २०१७ साली शिकागोच्या सरकारी शाळांतले गुण वर्षागणिक कसे वाढले ते तपासले. तिसरीतली मुले देशाच्या सरासरीच्या बरीच मागे. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ती सुमारे सहा वर्षांची मजल मारत होती. देशातल्या मोठ्या डिस्ट्रिक्टांत हा वेग सर्वाधिकांपैकी एक. ही पाहणी हायस्कूलच्या आधीच्या वर्गांची आहे हे खरे. पण ज्या शहरावर कोझोल रडले आणि ज्याला यादीवाले कायम तळाशी ठेवतात, तिथले शिक्षक नेमके शाळेचे काम चांगले करत होते. दुसऱ्या टोकाला शहरातलीच, प्रवेशपरीक्षा घेणारी नामांकित हायस्कुले: न्यूयॉर्कचे स्टायव्हसंट, बॉस्टनचे लॅटिन स्कूल. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी २०१४ साली एक लेख प्रसिद्ध केला. (पाठक आडनाव पाहून आपण हुरळून जायचे कारण नाही, त्यांचे आईवडील नेपाळचे.) प्रवेशाच्या कटऑफला जेमतेम ओलांडणारी आणि थोडक्यात हुकलेली मुले त्यांनी ताडून पाहिली. पुढच्या परीक्षांतल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या शाळांचे निकाल दिपवणारे असतात, कारण दिपवणारी मुलेच आत घेतली जातात.

एवढे झाल्यावर 'मग पैशाने काही होत नाही' असा सूर निघतो, तोही घाईचा आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट खटल्यात १९९० साली आदेश दिला की गरीब शहरी डिस्ट्रिक्टांचा खर्च श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीला आणावा. पुढे लहान मुलांसाठी बालवाड्याही आल्या. युनियन सिटी हे स्थलांतरितांचे दाटीवाटीचे गाव त्यांपैकी एक. २०११ साली तिथली ८९.५ टक्के मुले हायस्कूल पुरे करत होती, देशाच्या सरासरीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक. त्याच आदेशाखालच्या नेवार्कला हे साधले नाही. पैसा लागतोच, तो कोणाच्या हातून वर्गात पोहोचतो तेही पाहावे लागते.

न्यू जर्सी म्हटल्यावर आपली माणसे आलीच. एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या पट्ट्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी घर घेताना आधी शाळेचा आकडा पाहिला, यात नवल नाही. दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक पाहून शाळा निवडणाऱ्या समाजातून आपण गेलो आहोत. याच पट्ट्यातल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या नामांकित डिस्ट्रिक्टमध्ये २०१५ साली अधीक्षक डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिले. आधीच्या वर्षात शाळेने १२० मुलांची मानसिक तपासणीसाठी शिफारस केली होती. ४० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गणिताची लवकर सुरू होणारी प्रगत तुकडी काढली गेली. गोऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांनी स्वागत केले. भारतीय व चिनी पालकांपैकी अनेकांना वाटले की ज्या दर्जासाठी आपण इथे घर घेतले तोच पातळ केला जातो आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला समजते. पण १२० हा आकडा कोणत्याही क्रमवारीच्या रकान्यात बसत नाही, हेही नोंदवायला हवे.

शेवटी एक प्रकरण, ज्यात रेघेच्या दोन्ही बाजूंना सबर्बच आहे. सेंट लुईसला लागून असलेल्या नॉर्मंडी या गरीब, कृष्णवर्णीय उपनगरी डिस्ट्रिक्टची मान्यता २०१३च्या सुरुवातीला गेली. मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला की मान्यता गेलेल्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना दुसरीकडे जाता येईल, आणि खर्च मूळ डिस्ट्रिक्टने द्यायचा. सुमारे हजार मुलांनी अर्ज भरले. त्यांच्यासाठी बसची सोय मुद्दाम दूरच्या, मुख्यतः गोऱ्या फ्रान्सिस हॉवेल डिस्ट्रिक्टपर्यंत केली होती. तिथे जुलैत पालकांची सभा भरली. कोणी मेटल डिटेक्टरची मागणी केली, कोणी विचारले की या मुलांच्या गुणांनी आपली सरासरी खाली येऊन आपलीच मान्यता गेली तर? माइकवर आलेला हा प्रश्न हिशेबाला अगदी बरोबर होता. दर्जा म्हणजे सरासरी असेल, तर मागे पडलेले प्रत्येक मूल आत घेताच दर्जा घसरतो, मग शिक्षक तेच असोत आणि फळाही तोच असो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बस सुरू झाल्या. पुढच्या वर्षी राज्याने नॉर्मंडीचे मंडळ बरखास्त करून तिचे नाव बदलले आणि मान्यतेचा प्रश्न बाजूला ठेवला, म्हणजे मुलांचा बाहेर जाण्याचा हक्क संपेल. पालकांना पुन्हा कोर्टात जावे लागले.