शब्दांची मोजदाद आणि अर्थांची मोजदाद : मायकेल वेस्ट यांच्या शब्दसूचीचे परीक्षण

इंग्रजी शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशा जोड्या पाठ करणे, ही समजूत महाराष्ट्रातील विद्यार्थिवर्गात खोलवर रुजलेली आहे. तिच्यामागे एक भाषाविषयक उपपत्ती गृहीत धरलेली आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती उपपत्ती अशी : प्रत्येक शब्दाला एक अर्थ असतो, तो मातृभाषेतील दुसऱ्या एका शब्दाने दाखविता येतो, आणि अशा जोड्यांची संख्या हेच भाषाज्ञानाचे माप होय. या तीन विधानांपैकी एकही अर्थविचाराच्या कसोटीला उतरत नाही. वहीची जागा आता मोबाइलने घेतली असली, तरी जोडी तीच राहिली आहे. परंतु दोष केवळ विद्यार्थ्याच्या माथी मारून भागणार नाही. विसाव्या शतकात शब्दसूचींचे जे शास्त्र उभे राहिले, त्यानेही या समजुतीला कळत-नकळत हातभार लावला आहे. त्या शास्त्रातील सर्वांत प्रभावी ग्रंथ, म्हणजे मायकेल वेस्ट यांची १९५३ साली लंडनहून प्रसिद्ध झालेली 'जनरल सर्व्हिस लिस्ट', या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे. कारण रोगाची चिकित्साही त्याच ग्रंथात अर्धीमुर्धी का होईना, पण सापडते.

वेस्ट यांचे कार्य बंगालमध्ये सुरू झाले. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, आणि बंगाली मुलांच्या द्वैभाषिकतेवरील त्यांचा प्रबंध १९२६ साली कलकत्त्यात छापला गेला. त्या प्रबंधात विम्याच्या व्यवहारातून घेतलेली एक कल्पना आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबले, तर पदरात जे पडते त्याला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट यांनी विचारले की, शाळा अर्धवट सोडणाऱ्या मुलाच्या पदरात त्याने शिकलेल्या इंग्रजीपैकी उपयोगाचे असे काय पडते? दोन-तीन वर्षांत शाळा सोडणाऱ्या मुलाला जर पुढे कधीही न भेटणारे शब्द शिकविले गेले असतील, तर त्याचे सर्व हप्ते बुडाले. शब्दांची निवड वारंवारतेच्या आधारे करावी, हा आग्रह या कळकळीतून आलेला आहे. पुढील काळात शब्दसूची हा निव्वळ गणिताचा विषय झाला, आणि ही मूळची कळकळ मागे पडली.

याच सुमारास दुसराही एक प्रयत्न चालू होता. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडले आणि अवघ्या ८५० शब्दांत सर्व व्यवहार होऊ शकतो, असे प्रतिपादन केले. त्यात क्रियापदे केवळ १८. प्रथमदर्शनी ही काटकसर विलक्षण वाटते. परंतु 'गिव्ह', 'गेट', 'पुट' या क्रियापदांना 'अप', 'ऑफ', 'ओव्हर' ही अव्यये जोडून जे अर्थ निर्माण होतात, ते घटकशब्दांच्या अर्थावरून निघत नाहीत. 'गिव्ह अप' यात देणेही नाही आणि वरही नाही. 'टाकणे' म्हणजे फेकणे एवढेच शिकलेल्या परकीयाला 'काम उरकून टाक' यातील 'टाक' कळणार नाही, त्यातलाच हा प्रकार. शब्द ८५० राहिले खरे. पण शिकावयाच्या गोष्टी कमी झाल्या नाहीत, त्या फक्त मोजणीतून वगळल्या गेल्या. वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३४ साली बेसिकवर जी टीका केली, ती आजही ग्राह्य आहे.

वेस्ट यांची सूची या चुकीपासून दूर राहिली, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. सुमारे दोन हजार मूळ शब्दांची ही सूची १९३६ च्या अंतरिम अहवालातून विकसित झाली. त्या अहवालावर वेस्ट यांच्यासह फॉसेट, पामर आणि थॉर्नडाइक यांची नावे आहेत. तिच्यात प्रत्येक शब्दापुढे पन्नास लाख शब्दांच्या लेखनात तो किती वेळा आला, ही संख्या आहे. आणि तेवढ्यावर न थांबता त्या शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे तो अर्थ शेकडा किती वेळा अभिप्रेत होता, तेही दिलेले आहे. आयर्विंग लॉर्ज आणि थॉर्नडाइक यांच्या देखरेखीखाली ऑक्सफर्डच्या बृहत्कोशातील अर्थविभाग प्रमाण मानून ही मोजणी झाली. प्रत्येक वाक्य वाचून त्यातील शब्दाचा कोणता अर्थ घ्यावयाचा, हे माणसाने ठरवावयाचे, असे ते काम होते. यंत्राच्या पूर्वीच्या काळातील ते श्रम केवळ थक्क करणारे आहेत.

या शतमानांचा उपयोग काय, हे एक-दोन शब्दांवरूनही दिसेल. 'इंटरेस्ट' म्हणजे आवड, 'मीन' म्हणजे अर्थ असणे, 'टेबल' म्हणजे मेज, 'होल्ड' म्हणजे धरणे, 'सेव्ह' म्हणजे वाचविणे, या जोड्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला माध्यमिक शाळेतच पाठ असतात. तोच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात आला, की अर्थशास्त्रात 'इंटरेस्ट' व्याज होते, संख्याशास्त्रात 'मीन' सरासरी होते, अहवालात 'टेबल' कोष्टक होते, आणि न्यायालयाच्या निकालपत्रात 'होल्ड' याचा अर्थ 'निर्णय देणे' असा होतो. 'सेव्ह' कायद्याच्या भाषेत 'वगळून' होतो; 'प्रोव्हायडेड' हा पुरविण्याशी संबंध सोडून अट घालू लागतो; 'सब्जेक्ट टू' यात विषय उरत नाही, अधीनता येते. एखाद्या निबंधात 'नॉव्हेल' हे विशेषण भेटले की तेथे कादंबरी शोधणारा विद्यार्थी मतिमंद नसतो. त्याने जोडी प्रामाणिकपणे पाठ केलेली असते, एवढेच. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की वरील बहुतेक शब्द पहिल्या दोन हजारांतीलच आहेत. अडखळणे होते ते सर्वपरिचित शब्दांच्या अपरिचित अर्थांवर. आणि विद्यार्थी मात्र स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून जन्मात एकदा भेटतील असे दुर्मिळ शब्द घोकीत असतो. वेस्ट यांच्या भाषेत सांगावयाचे, तर हप्ते चालू आहेत, पण भलत्याच विम्याचे.

येथे सूचींच्या शास्त्रातील एका प्रसिद्ध आकड्याकडे वळणे अवश्य आहे. वेस्ट यांच्या दोन हजार शब्दांनी सामान्य इंग्रजी लेखनातील शेकडा ऐंशीच्या आसपास शब्द व्यापले जातात, असे वारंवार सांगितले जाते. या आकड्याने पुष्कळांना दिलासा दिला आहे. वस्तुतः शेकडा ऐंशी याचा अर्थ पाचातला एक शब्द अपरिचित, म्हणजे जवळजवळ प्रत्येक ओळीत दोन अडथळे. पॉल नेशन यांनी २००६ साली दाखविले की, लिखित मजकुरातील शेकडा ९८ शब्द परिचित असावेत असे मानले, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले अवगत असावी लागतात. हा भाग सर्वश्रुत आहे. सहसा न बोलला जाणारा भाग असा की, ही व्याप्ती मोजताना केवळ शब्दाचे रूप पाहिले जाते. निकालपत्रातील 'होल्ड' हा शब्द विद्यार्थ्याला कळला नाही, तरी गणक तो 'ज्ञात' म्हणूनच मोजतो. म्हणजे अर्थमोजणीच्या पायावर उभारलेल्या सूचीचा उपयोग पुढील संशोधकांनी ज्या आकड्यासाठी केला, त्या आकड्यात अर्थाला स्थानच नाही. ऐंशी ही संख्या विद्यार्थ्याच्या आकलनाची कमाल मर्यादा सांगते. प्रत्यक्ष आकलन तिच्या खाली कोठे आहे, याविषयी ती मौन पाळते.

वेस्ट यांच्या सूचीवरील इतर आक्षेप सुपरिचित असल्याने त्यांचा विस्तार येथे नको. तिची सामग्री मुख्यतः लिखित आणि आता जुनी आहे. तिच्यात तारायंत्र आहे, पण संगणक नाही आणि दूरचित्रवाणीही नाही. (नांगर हा शब्द कालबाह्य म्हणून जे हसतात, त्यांनी मराठवाड्यातील विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा.) हे दोष दूर करण्यासाठी २०१३ साली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि २०१५ साली ब्रेझिना व गाब्लासोव्हा यांनी नव्या सूची प्रसिद्ध केल्या. पहिलीचा आधार २७ कोटींहून अधिक शब्दांचा आहे, दुसरीचा तर १२ अब्जांहून अधिक शब्दांचा. सामग्रीच्या विस्ताराची तुलनाच होऊ शकत नाही. परंतु या दोन्ही सूचींत अर्थांची शतमाने नाहीत. पन्नास लाखांच्या सामग्रीवर जे झाले, ते १२ अब्जांच्या सामग्रीवर झाले नाही. यंत्राला रूप ओळखता येते म्हणून रूपे मोजली गेली, आणि जे मोजणे सोपे तेच महत्त्वाचे ठरले. आधुनिक सूची वेस्ट यांच्यापेक्षा अद्ययावत आहेत, यात शंका नाही. त्या अधिक प्रगत आहेत, हे मात्र मान्य करता येत नाही.

तथापि मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने वेस्ट यांच्या मोजणीतही एक मूलभूत उणीव राहते. त्यांचे अर्थविभाग इंग्रजीच्या आतून पाडलेले आहेत. इंग्रजीला जेथे एक अर्थ दिसतो, तेथे मराठी अनेक क्रिया पाहते. 'वेअर' या क्रियापदाचेच उदाहरण घ्यावे. सदरा घालतात, लुगडे नेसतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात, गजरा माळतात. इंग्रजी कोशकाराला हे सर्व 'अंगावर धारण करणे' या एकाच अर्थात बसविता येते, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. शिवाय मराठी क्रियापदे धारण करण्याची कृती सांगतात, तर 'वेअर' धारण केलेली अवस्था सांगतो. कृतीसाठी इंग्रजीत 'पुट ऑन' आहे. 'वेअर म्हणजे घालणे' ही जोडी पाठ करणारा विद्यार्थी म्हणूनच 'थांब, मी सदरा घालतो' याचे भाषांतर करताना हटकून चुकतो. 'अंकल' या शब्दात काका, मामा आणि आत्या-मावशीचे यजमान एकत्र कोंबले जातात, आणि 'राइस' म्हटले की शेतातले भात, कोठारातले तांदूळ आणि ताटातला भात यांच्यातील भेद नाहीसा होतो.

उलट दिशेनेही हेच. मराठीत पाऊस पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडते, भाव पडतात आणि बाजी मारताना माणूस तोंडावरही पडतो. या सर्वांसाठी 'फॉल' चालत नाही. चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक, कोरी नोट कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', शिस्त 'स्ट्रिक्ट', नोट 'क्रिस्प'. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार जे. आर. फर्थ यांनी पुढे भाषाविज्ञानात रूढ केला. ते १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते, हा योगायोग मोठा सूचक आहे. सोबत्यांचा हा संसार कोणत्याही शब्दसूचीत, वेस्ट यांच्या सूचीतही, पुरेसा आलेला नाही.

यात मराठीत स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांची आणखी एक भर पडते. हे शब्द विद्यार्थ्याला 'येतात', म्हणून तो ते शिकत नाही. मराठीतील 'कॉपी' परीक्षेत करावयाची असते, 'स्टँड' वर एस. टी. लागते, 'लाइट' जाते आणि 'गॅस' संपतो. इंग्रजी वाक्यात 'कॉपी' म्हणजे पुस्तकाची प्रत, आणि 'स्टँड' म्हणजे एखाद्या प्रश्नावरील भूमिका, असे भेटले म्हणजे ओळखीचा माणूस अनोळखी वागतो आहे, असे त्याला वाटते. शिकण्याच्या कष्टाचा विचार वेस्ट यांनी निवडीच्या निकषांत केलेला आहे. परंतु तो कष्ट मातृभाषेगणिक बदलतो, आणि सर्व जगासाठी केलेल्या सूचीत त्याची नोंद होणे शक्यच नव्हते.

याचा अर्थ जोड्या पाठ करणे सर्वस्वी निरुपयोगी, असा कोणी करू नये. शब्दरूप आणि एखादा अर्थ यांचा पहिला संबंध जोडण्यास हा मार्ग जलद आहे, हे अनेक प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. केवळ वाचनातून तेवढ्याच वेळात तेवढे शब्द हाती लागत नाहीत. पाठांतराचा सरसकट उपहास करणारी नवी अध्यापनपद्धती या बाबतीत पुराव्याच्या विरुद्ध जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेत इंग्रजी आले. दहावीपर्यंत विद्यार्थ्याची दहा वर्षे त्या भाषेत जातात. इतक्या काळात पहिली जोडी जुळविणे पुरते झाले पाहिजे. दोष असतो तो पहिल्या जोडीलाच शेवटची समजण्यात, आणि दुसरा अर्थ भेटला की तो अपवाद म्हणून सोडून देण्यात.

मराठीच्या बाजूने पाहता या कामाची सामग्री अगदीच नाही असे नाही. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची सुधारलेली आवृत्ती उघडून एखादे क्रियापद काढावे. त्याचे लाक्षणिक उपयोग आणि वाक्प्रचार तेथे मोठ्या आस्थेने टिपलेले आढळतात. परकीयाला मराठी शिकावयाची होती, म्हणून मराठी क्रियापदाचे इतके पदर उलगडून दाखविणे त्याला भाग पडले. कँडी यांनी १८४७ साली पूर्ण केलेल्या इंग्रजी-मराठी कोशात दृष्टी भाषांतरकाराची आहे. एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द येतात आणि त्यांतला कोणता कोठे, हे ज्याला मराठी येते त्याने ठरवावयाचे असते. मराठी भाषकाला इंग्रजी शिकविण्यासाठी आज बाजारात मिळणाऱ्या शब्दार्थाच्या पुस्तकांनी कँडीचा क्रम घेतला आणि त्याची समृद्धी टाकून दिली; अनेकांतून एक शब्द उचलला आणि मधोमध बरोबरीचे चिन्ह घातले.

वेस्ट यांच्या सूचीतील शंभर क्रियापदे घेऊन, त्यांच्या अर्थांची शतमाने आजच्या सामग्रीवरून पुन्हा ठरवून, प्रत्येक अर्थापुढे एक मराठी शब्द न लिहिता मराठीतील निरनिराळी वाक्ये लिहिण्याचे काम एखाद्या विभागाला दोन वर्षांत करता येण्यासारखे आहे. त्यात 'वेअर' खाली नेसणे आणि माळणे वेगळे येतील, 'होल्ड' खाली न्यायालय येईल, आणि 'नो' या क्रियापदाखाली माहीत असणे, ओळखणे व पोहता 'येणे' हे तीन स्वतंत्र रकाने करावे लागतील. चौथा रकाना लागतो की नाही, हे मराठी वाक्ये गोळा केल्यावाचून सांगता येत नाही.