तृतीया आणि सप्तमी : एका आहार-प्रयोगाच्या निष्कर्षाचे परीक्षण

शास्त्रीय निबंधाचा निष्कर्ष वाचताना वाचकाचे लक्ष आकड्यांवर खिळते. क्रियापद आणि विभक्ती यांकडे ते सहसा जात नाही. स्पेनमधील ‘प्रेडिमेड’ या आहार-प्रयोगाच्या निबंधाची दोन प्रकाशित रूपे शेजारी ठेवून पाहिली असता हे दुर्लक्ष किती महाग पडू शकते, ते ध्यानात येते.

हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या, परंतु तो विकार अद्याप न जडलेल्या ७,४४७ स्त्री-पुरुषांचे या प्रयोगात तीन गट करण्यात आले. दोन गटांस भूमध्यसागरी आहार सांगण्यात आला. त्यांपैकी एकास ऑलिव्ह तेल व दुसऱ्यास अक्रोड-बदामादी सुकामेवा पुरविण्यात आला. तिसऱ्यास स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला होता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की, या आहाराने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व तज्जन्य मृत्यू यांचे प्रमाण घटवले. ही घट सुमारे ३० टक्के होती.

पुढे गटविभागणीत दोष आढळले. प्रत्येकाचा गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगाने ठरावयास हवा होता. तथापि काही ठिकाणी एका घरातील दुसरी व्यक्ती पहिलीच्याच गटात घालण्यात आली होती, आणि एका केंद्रात व्यक्तींऐवजी संपूर्ण दवाखान्यांस गट नेमून दिले होते. २०१८ साली लेखकांनी मूळ निबंध मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा प्रसिद्ध केला. आकडे जवळजवळ तेच राहिले. वाक्य मात्र बदलले. या अभ्यासात तो आहार नेमून दिलेल्यांत अशा घटनांचे प्रमाण कमी होते, एवढेच नवे वाक्य सांगते.

मूळ इंग्रजी वाक्ये अशी मराठीत उतरविली असता भेद विभक्तीतच उमटतो. ‘आहाराने घटवले’ यात आहार तृतीयेत आहे व ‘घटवणे’ हे प्रयोजक क्रियापद त्यास कर्तृत्व बहाल करते. ‘दिलेल्यांत कमी होते’ यात सप्तमी आहे. ती केवळ अधिकरण दाखविते. गट योगायोगाने पडले असतील, तरच तृतीयेचा अधिकार निर्विवाद प्राप्त होतो.

हा शब्दच्छल नव्हे. संशयास्पद नोंदी वगळूनही निष्पत्ती साधारण तशीच राहिली. तेव्हा आहार निरुपयोगी ठरला, असे म्हणता येत नाही. आधार जेथे सैल झाला, तेथे व्याकरणानेही माघार घेतली, हे या दुरुस्तीचे श्रेय होय.

तथापि दोन उणिवा दोन्ही वाक्यांत कायम आहेत. तिसऱ्या गटास आरंभीची काही वर्षे तुलनेने कमी मार्गदर्शन मिळाले होते. ‘आहार’ या एका नामात मार्गदर्शनाचा हा वाटा लपून राहतो. शिवाय कमी म्हणजे किती, हे कोणतेच वाक्य सांगत नाही. हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ११ घटनांच्या ठिकाणी ८ घडल्या, असे सांगितले असता ‘३० टक्क्यां’चा खरा आकार कळतो.

सार्वजनिक आरोग्याचा उपदेश अशाच वाक्यांवर उभा राहतो, आणि तो घराघरांतील स्वयंपाकापर्यंत पोहोचतो. म्हणून निष्कर्षाचे मराठी रूपांतर करणाऱ्याने आकडा जितका जपावयाचा, तितकाच विभक्तिप्रत्ययही जपला पाहिजे.