गोदावरीचे एक कलम

गंगाखेडच्या घाटावर उभे राहणाऱ्यास गोदावरी तीर्थ म्हणून दिसते. ती एका तहनाम्यातील कलमही होऊन गेली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. डिसेंबर १८६० मधील इंग्रज-निजाम तह आपण बहुधा देवघेवीचा हिशेब म्हणून वाचतो. धाराशिव व रायचूर दोआब निजामास परत मिळाले, सुरापूरचे संस्थान त्यास देण्यात आले, पन्नास लक्षांचे कर्ज माफ झाले. परंतु त्याच लेखान्वये गोदेच्या डाव्या तीराचा सिरोंचा-भद्राचलमकडील मुलूख इंग्रजांकडे गेला आणि नदीवरील मालाची जकात उठली. आमच्या मते त्या लेखाचे मर्म येथे आहे.

वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता व गोदावरी या जलमार्गाने पूर्वकिनाऱ्यास न्यावा, या योजनेचे सर आर्थर कॉटन हे मोठे पुरस्कर्ते. योगायोग असा, की तहाच्याच महिन्यात अमेरिकेत साउथ कॅरोलायना फुटून निघाले. १८६१ त यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरे कोंडली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे लागले. परक्या युद्धाने आपल्या नदीचा भाव वाढविला.

लेखनदृष्ट्या हे कलम मोजके व निःसंदिग्ध आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यात दोन उणिवा दिसतात. लेखणीने जकात उठते, खडक उठत नाहीत. दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमरी येथील खडकाळ धावत्यांशी कॅप्टन हेग यांची कामे झुंजत राहिली. तोवर १८६७ त आगगाडी नागपुरास पोहोचली, आणि १८७१ त ती कामे सोडून देण्यात आली.

दुसरी उणीव अधिक बोलकी आहे. ही मोकळीक नदी व तिच्या उपनद्या जेथे दोन राज्यांची सीमा होतात तेवढ्यापुरतीच होती. परभणीकडे दोन्ही तीर निजामाचे. म्हणून पाथरी-गंगाखेडच्या काळ्या जमिनीत कापूस पिकविणाऱ्याविषयी कलम मूक राहिले. नदी तीच, पीक तेच. पण सीमा नाही, म्हणून सवलतही नाही.

तेव्हा 'मोकळी नदी' हा शब्द वाचताना ती कोणासाठी मोकळी, हे विचारणे टीकाकाराचे कर्तव्य होय. या तहात मोकळीक मिळाली ती गिऱ्हाइकाच्या वाटेस. पिकविणाऱ्याच्या दारावरून वाहणारे पाणी जसे होते तसेच राहिले.