आश्रयनगरीची रोजनिशी

एन्नोरच्या दक्षिणेस, पेरांबूर येथे १७०९ मध्ये जन्मलेले आनंद रंग पिळ्ळै बालपणीच वडिलांसमवेत फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आले आणि पुढे गव्हर्नर द्यूप्ले यांचे मुख्य दुभाषी झाले. दिवसभर परक्यांची मर्जी राखणाऱ्या या गृहस्थांनी १७३६ पासून १७६१ पर्यंत लिहिलेली रोजनिशी मात्र तमिळमध्ये आहे. इतिहासकारांना तिच्यात घडामोडी सापडतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मोलाचा वाटतो तो तिच्यातील ताण. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकले. जन्मभूमीलगतच्या त्या शहराचा पाडाव पिळ्ळै आश्रयनगरीचे होऊन नोंदवतात, पण नोंदवतात मातृभाषेत. परनगरीत स्थिरावताना निष्ठा बदलली, तरी मनाशी बोलण्याची भाषा बदलत नाही, याचा प्रत्यय ही रोजनिशी देते.