'म्हणे'चा कर्ता : समाजमाध्यमांतील आवराआवरीची मीमांसा

समाजमाध्यमांवरील आपला पसारा कमी करावा, तेथे वावरावयाचे ते हेतुपूर्वक वावरावे, असा उपदेश गेल्या काही वर्षांत सर्वत्र ऐकू येतो. अमेरिकेतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक कॅल न्यूपोर्ट यांच्या २०१९ मधील 'डिजिटल मिनिमलिझम' या ग्रंथाने या उपदेशाला पद्धतशीर रूप दिले. अत्यावश्यक नसलेली साधने तीस दिवस दूर ठेवावी आणि नंतर ज्यांचे प्रयोजन सांगता येईल तेवढीच परत घ्यावी, हा त्या पद्धतीचा गाभा होय. ही शिस्त उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु या उपदेशाचे जे रूप सर्वत्र रूढ झाले आहे, त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे व ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. पसारा म्हणजे संख्याधिक्य, हे ते गृहीतक. खाती किती, समूह किती, त्यांत घालविलेले तास किती, एवढे मोजले म्हणजे आवराआवरीचा हिशेब पुरा झाला असे मानले जाते. घरातील माळा आवरताना हे मोजमाप चालते. कारण तेथे आवरावयाच्या असतात त्या वस्तू. समाजमाध्यमांत साचतात ती वाक्ये. वाक्याला वक्ता असतो आणि श्रोताही असतो. तेव्हा कोणते वाक्य ठेवावे आणि कोणते टाकावे, हा प्रश्न मुळात भाषाविचाराचा आहे.

एका परिचित उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. नाशिकच्या गंगापूर रोडवर कुसुमाग्रजांचे स्मारक आहे. २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस. तो 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये घेतला. त्या दिवशी सकाळपासून मराठी माणसाच्या भ्रमणध्वनीवर शुभेच्छांचा पूर लोटतो, आणि त्यांतील अनेक शुभेच्छा 'मराठी राजभाषा दिना'च्या असतात. वस्तुतः राजभाषा दिन १ मे रोजी येतो. हा खुलासा वारंवार केला जातो. तरीही पुढील वर्षी चूक पुन्हा हजर होते. तिच्याबरोबर कुसुमाग्रजांच्या नावावर घातलेल्या, पण त्यांच्या नसलेल्या रचनाही येतात, पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या वाट्यालाही हेच आले आहे. स्मारकापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या वाचकालाही असा संदेश येतो, आणि मूळ ग्रंथ उघडून पाहण्यापेक्षा तो पुढे ढकलणे त्याला सोपे वाटते.

या प्रकाराला अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. चूक दुरुस्त करावयाची तर ती कोणाची, हे ठाऊक असावे लागते. येथे चूक सर्वांच्या हाती आहे, पण कोणाचीच नाही.

आवराआवरीचे पुरस्कर्ते अशा वेळी शुभेच्छांवरच कुऱ्हाड चालवितात. 'सुप्रभात', 'शुभ रात्री' यांत माहिती नसते, म्हणून ते कचरा ठरतात. हा निर्णय घाईचा आहे. ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की याने ट्रोब्रिअंड बेटांवरील अनुभवाच्या आधारे १९२३ मध्येच दाखवून दिले की, बोलण्याचा एक मोठा भाग केवळ परस्परसंबंध टिकविण्यासाठी असतो. वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याने 'काय, निघालात का?' असे विचारले, तर त्याला उत्तराची अपेक्षा नसते. ओळख जागती असल्याची ती खूण असते. असे बोलणे टाकले तर माणूस नीटनेटका होईल, पण एकटा होईल. म्हणून अर्थाची न्यूनता ही टाकण्याची कसोटी ठरू शकत नाही. शेजाऱ्याचा प्रश्न शेजाऱ्याचा असतो आणि विशिष्ट माणसाला उद्देशून असतो. गुलाबाच्या चित्रावर छापलेले 'सुप्रभात' एकाच क्षणी पन्नास जणांना जाते, तेव्हा हे दोन्ही गुण लोपतात.

या लोपाचे विश्लेषण करण्यासाठी अर्व्हिंग गॉफमन याने १९७९ मध्ये मांडलेला भेद उपयोगी पडतो. आपण ज्याला सैलपणे 'वक्ता' म्हणतो, त्याच्या ठिकाणी गॉफमन तीन भूमिका पाहतो. शब्द उच्चारणारा तो उच्चारक, शब्द जुळविणारा तो रचनाकार, आणि त्या शब्दांतील भूमिकेला बांधला जाणारा तो उत्तरदायी. साध्या संभाषणात या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात. सरकारी प्रवक्त्याच्या बाबतीत त्या विभागलेल्या असतात, पण कोणती कोणाकडे हे श्रोत्याला माहीत असते. पुढे पाठविलेल्या संदेशाचे वैशिष्ट्य असे की, पडद्यावर नाव पाठविणाऱ्याचे दिसते, रचनाकार अज्ञात असतो आणि उत्तरदायित्वाची जागा रिकामी असते.

मराठी भाषेला ही रिकामी जागा अपरिचित नाही. तिच्यासाठी मराठीत एक शब्दच आहे : 'म्हणे'. 'तो म्हणे गावाला गेला' या वाक्यात 'म्हणे' कोण म्हणतो ते सांगत नाही. बोलणाऱ्याने हे स्वतः पाहिलेले नाही, एवढेच सांगते. रूपाने हे 'म्हणणे' या धातूचे जुने तृतीयपुरुषी क्रियापद होय. तेच रूप अभंगाच्या अखेरीस 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असे येते, तेव्हा त्याचे कार्य नेमके उलट असते. तेथे कर्ता नावानिशी उभा राहतो आणि वरच्या सर्व शब्दांची जबाबदारी स्वीकारतो. एकाच रूपाने मराठीने उत्तरदायित्वाची दोन टोके व्यक्त केली आहेत : कर्त्यासह 'म्हणे' ही मुद्रा, आणि कर्त्यावाचून 'म्हणे' ही ऐकीव वार्तेची प्रामाणिक कबुली. समाजमाध्यमांनी तिसरी अवस्था निर्माण केली. तीत वार्ता ऐकीवच असते, पण 'म्हणे' गळून पडते आणि उरते ते निःशंक विधान.

या लोपाची किंमत केवळ भाषिक नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वत्र पसरलेल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने दुसरीकडून आलेल्या संदेशावर तशी खूण उमटविण्यास आरंभ केला, आणि भारतात असा संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आली. भाषेच्या दृष्टीने पाहता ती खूण म्हणजे यंत्राने लावलेले 'म्हणे' होय. वापरणाऱ्यांनी जो शब्द गाळला, तो यंत्राला जोडून द्यावा लागला.

यावर असा आक्षेप घेता येईल की, अफवा मुखोमुखीही पसरते, आणि कर्ताहीन 'म्हणे' ही निंदकाची जुनीच ढाल आहे. हा आक्षेप खरा आहे. 'म्हणे' लावल्याने असत्य सत्य होत नाही. परंतु 'म्हणे' ऐकताच श्रोत्याला 'कोणी सांगितले?' असे विचारण्याचा अधिकार मिळतो, आणि सांगणाऱ्याला उत्तर देणे भाग पडते किंवा गप्प बसावे लागते. या प्रश्नाला वाव न देणारी विधाने हाच समाजमाध्यमांतील खरा पसारा. त्यांची संख्या थोडी असली तरी तो पसाराच असतो.

अशा पसाऱ्याची आवराआवर मराठी परंपरेला नवी नाही. हस्तलिखितांच्या काळात एका प्रतीवरून दुसरी प्रत उतरत असे आणि प्रत्येक उताऱ्यात पाठ बिघडण्याचा संभव असे. परंतु लेखक पोथीच्या अखेरीस पुष्कळदा आपले नाव, शक व स्थळ नोंदवी, आणि जसे पाहिले तसे उतरविले, दोष आपला मानू नये, अशी विनंती करी. उतरविणारा आणि रचणारा वेगळे आहेत हे तो स्वतःच सांगून टाकी. गोदावरीच्याच काठी, नाशिकहून खाली पैठण येथे, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनी शुद्धीचा शक आणि आपले नाव ग्रंथाशेवटी नोंदविले व त्या पाठात पदरच्या ओव्या घालणाऱ्यांना बजावले. भ्रष्ट प्रती पुष्कळ झाल्या म्हणून त्यांनी ग्रंथ मिटून ठेवला नाही. कोणते शब्द ज्ञानेश्वरांचे आणि कोणते नव्हेत, हे ठरविण्याचा प्रयत्न केला. समाजमाध्यमांतील आवराआवरीला जो आदर्श हवा, तो मौनाचा नसून अशा पाठशुद्धीचा होय.

राहिला प्रश्न श्रोत्याचा. येथेही कुसुमाग्रजांचेच उदाहरण बोलके आहे. 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची. 'नटसम्राट' (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे. काव्यासाठी एक नाव आणि नाटक-कादंबरीसाठी दुसरे, अशी विभागणी त्यांनी दीर्घकाळ पाळली. दोन्ही नावांमागील व्यक्ती एकच हे कोणापासून लपलेले नव्हते. पण कोणत्या वाङ्मयाच्या वाचकासमोर कोणत्या नावाने उभे राहावयाचे, हे ठरलेले होते. समाजमाध्यमांवर विद्यार्थी, सोयरे, सहकारी आणि अपरिचित एकाच यादीत येतात, आणि एकच वाक्य सर्वांना उद्देशून लिहावे लागते. परिणामी ते कोणालाच उद्देशून राहत नाही. हेतुपूर्वक वावरणे याचा अर्थ कमी वेळा दिसणे असा नसून, प्रत्येक वेळी कोणासमोर दिसावयाचे हे ठरविणे असा आहे.

तात्पर्य, तीस दिवसांच्या उपवासाने वेळ वाचेल. पण एकतिसाव्या दिवशी तेच कर्ताहीन वाक्य पुन्हा पुढे ढकलले गेले, तर आवरले काहीच नाही. संदेशाचा कर्ता कोण आणि तो कोणासाठी, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत असतील तर एखादे साधे 'नमस्कार'ही राखण्याजोगे आहे. न मिळाल्यास सर्वांत सुंदर सुविचारही पुसावा. किंवा पाठवावयाचाच असेल तर त्यात 'म्हणे' घालून पाठवावा. पुढील २७ फेब्रुवारीस आलेली शुभेच्छा तपासून, तीतील 'राजभाषा' खोडून, त्या जागी 'भाषा गौरव' लिहून, ती आपल्या नावाने एका परिचिताला पाठविणे, एवढ्या लहान कृतीपासून ही शुद्धी सुरू होऊ शकते.