मज्जारज्जूची प्रतिमा : भाकीत की अनुमान?

प्रस्तावना

मानेच्या वा पाठीच्या मणक्याला मार लागून हातपाय लुळे पडले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न एकच असतो : हा माणूस पुन्हा चालेल काय? पूर्वी याचे उत्तर केवळ शारीरिक तपासणीवरून दिले जाई. आज चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा, म्हणजेच एमआरआय, त्या उत्तराचा आधार होऊ पाहत आहे. या आधाराचे बळ व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रतिमा काय दाखवते?

मज्जारज्जूच्या इजेचे 'ए' ते 'ई' असे पाच दर्जे तपासणीने ठरवले जातात. 2015 साली टॅलबट व सहकाऱ्यांनी 'बेसिक' ही प्रतिमेवर आधारलेली 0 ते 4 अशी श्रेणी मांडली. रज्जूच्या आडव्या छेदात विकृती केवळ करड्या द्रव्यापुरती आहे, श्वेत द्रव्यात पसरली आहे की संपूर्ण छेद व्यापून आहे, हे तीत पाहिले जाते. त्यात रक्तस्रावाची खूण आढळल्यास दर्जा 4 ठरतो. ही पद्धत साधी व उपयुक्त आहे. परंतु तिचा भर हानी मोजण्यावर आहे.

झुरिक येथील संशोधकांनी प्रश्नच बदलला. किती नष्ट झाले यापेक्षा किती शिल्लक राहिले, हे त्यांनी विचारले. इजेच्या पोकळीच्या पुढे व मागे वाचलेल्या ऊतींच्या अरुंद पट्ट्यांना ते 'ऊतक-सेतू' म्हणतात. मानेच्या इजा झालेल्या, झुरिक, मुर्नाऊ व डेन्व्हर येथील दोनशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. सेतू जितका रुंद, तितकी पुढील सुधारणा अधिक, असा संबंध त्यात दिसून आला. हे यश निःसंशय मोलाचे आहे.

मर्यादा

तथापि तीन आक्षेप नोंदवणे आवश्यक वाटते. पहिला, प्रतिमा ऊती दाखवते, कार्य नव्हे. 1982 साली पांग व विल्बर्गर यांनी क्ष-किरण चित्रात काहीही न दिसता मज्जारज्जूची इजा झालेल्या मुलांचे वर्णन केले होते. पुढे एमआरआयने अशा अनेक इजा दृश्य केल्या. पण 'दिसत नाही म्हणून नाही' हा तर्क फसवा असतो, हा त्यातील धडा कायम आहे.

दुसरा आक्षेप तुलनेचा. व्हान मिडेनडॉर्प व सहकाऱ्यांचा 2011 सालचा नियम रुग्णाचे वय, पायांतील दोन स्नायुगटांची शक्ती व दोन ठिकाणची स्पर्शसंवेदना एवढ्यावरूनच वर्षभरानंतरच्या चालण्याचा अंदाज देतो. त्याला यंत्र लागत नाही. तेव्हा प्रतिमेने या तपासणीत कोणती भर घातली, हे विचारलेच पाहिजे. रुग्ण बेशुद्ध असेल, तेथे ही भर मोठी आहे. सर्वत्र तितकीच आहे असे नाही. शिवाय सेतूंचे मापन सूज ओसरल्यावर, साधारण महिन्याने करावे लागते. नातेवाईक मात्र पहिल्याच दिवशी विचारतात.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 'चित्र वाईट आहे' असे ठरले, की व्यायामोपचार सैल पडतात, घरचे खचतात, आणि अखेर रुग्ण सुधारत नाही. मग चित्र खरे होते असे सिद्ध झाल्यासारखे वाटते. वस्तुतः येथे भाकितानेच आपला पुरावा घडवलेला असतो.

समारोप

न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान ग्राह्य मानतात, कारण 'जेथे धूर तेथे अग्नी' ही व्याप्ती अबाधित आहे. 'जेथे सेतू तेथे सुधारणा' ही तशी व्याप्ती नाही. समूहात आढळलेली ती एक प्रवृत्ती आहे. समूहाविषयीचे विधान एका माणसावर जसेच्या तसे लादणे हा हेत्वाभास ठरेल. म्हणून प्रतिमेचा खरा उपयोग उपचारांची दिशा ठरवण्यात व नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी समान इजांचे रुग्णगट पाडण्यात आहे. पुनर्वसन कोणाला नाकारावे, हे ठरवण्यासाठी मात्र तिचा वापर होऊ नये. नातेवाइकांच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर शक्यतेच्या भाषेतच देता येते. ते देताना तपासणी व प्रतिमा या दोहोंची साक्ष घ्यावी, आणि निकाल मात्र काळावर व प्रयत्नांवर सोडावा.